तिखट खावे, पण चवीचे खावे

औषधाची चिठ्ठी हातात पडली की खुर्चीवरून उठता उठता निम्मे रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टरानू, आता तिखट बंद करूक व्हया काय?" आजार कोणताही असो, सर्दी असो की गुडघेदुखी, प्रश्न हाच. उलट मुंबई-पुण्याहून सुटीला आलेले पाहुणे वेगळेच विचारतात, "तुमच्या सावंतवाडीत अगदी झणझणीत, पण चवीचे जेवण कुठे मिळेल?" डॉक्टरला हा प्रश्न विचारावा याचे पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. कारण या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एकाच स्वयंपाकघरात सापडते. मिरची जेथे चवीसाठी वापरली जाते तेथे निरोगी माणसाच्या पोटाला ती सहसा त्रास देत नाही. ती जेथे माल झाकण्यासाठी वापरली जाते तेथे चवही जाते आणि पोटही.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. आयुर्वेदाने सहा रस मानले आणि त्यांत कटू, म्हणजे तिखट, याला मानाचे पान दिले. आधुनिक शरीरशास्त्र मात्र तिखटाला चव मानतच नाही. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर जशा रुचिकलिका आहेत, तशा तिखटासाठी नाहीत. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. ते जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना जाऊन चिकटते, ते तंतू खरे म्हणजे भाजल्याची सूचना देण्यासाठी असतात. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णता गेली की ते मेंदूला "भाजले" असे कळवतात. कॅप्सेसिन चिकटले तरी ते तीच बातमी देतात. जीभ भाजलेली नसते, पण मेंदूला ती भाजल्यासारखी वाटते. मग नाक वाहते, डोळ्यांत पाणी येते, टाळूला घाम फुटतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हे ग्रहणद्रव्य शोधून काढले आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांना मात्र कॅप्सेसिन जाणवत नाही. पोपट मिरची मजेत खातो त्यात त्याचा काही पराक्रम नाही!

याचा अर्थ असा की तिखटपणा ही एक वेदना आहे आणि चव ही निराळी वस्तू आहे. चव येते ती भाजलेल्या खोबऱ्याची, धण्याची, दगडफुलाची, आमसुलाची आणि ताज्या माशाची. कच्च्या तिखटाची मूठ रश्श्यात टाकली तर वेदना वाढेल, चव वाढणार नाही. उलट इतर चवी तिच्याखाली दबून जातील. पदार्थ "झणझणीत" म्हणून वाखाणला जातो तेव्हा यातले नेमके काय वाखाणले गेले, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.

मिरची-मिरचीतही फरक आहे. तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला म्हणजे तिखट लागेनासा होतो, हे पाहून तो आकडा ठरवत असत. त्या मापाने कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, म्हणजे आपली बेडगी, साधारण ८ ते १५ हजारांच्या घरात येते. गुंटूरची मिरची ३५ ते ४० हजारांपर्यंत जाते. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाने २००७ साली १० लाखांचा टप्पा ओलांडून गिनीज बुकात नाव नोंदवले. आपल्या मालवणी मसाल्याला लाल रंग येतो तो मुख्यतः बेडगीचा. झटका देण्याचे काम संकेश्वरी किंवा लवंगी करते आणि ती बेताने घातलेली असते. म्हणून रंगावरून घाबरू नये आणि रंगावरून भुलूही नये. लालभडक कालवण सौम्य असू शकते, आणि हिरव्या मिरचीच्या वाटणातले फिके दिसणारे कालवण डोळ्यांतून पाणी काढू शकते. जाता जाता सांगतो, मिरचीचा खरा तिखटपणा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. घरी तिखट कमी करायचे असेल तर ती शीर काढावी.

गंमत म्हणजे ही मिरची आपली नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती अमेरिका खंडातून आली. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी, आले आणि पिंपळी. मिरी या शब्दावरूनच मिरचीला नाव मिळाले.

सावंतवाडीच्या ताटात काय शोधावे

आपले गाव तिखटाच्या बाबतीत मोठ्या मोक्याच्या जागी वसले आहे. पश्चिमेला वेंगुर्ले-मालवणचा किनारा, दक्षिणेला बांद्यापलीकडे गोवा आणि आंबोलीचा घाट चढून गेले की कोल्हापूर-बेळगाव. तिन्हीकडच्या तिखटाची तऱ्हा निराळी. घाटावरचा तांबडा रस्सा कांदा-लसूण मसाल्यावर उभा असतो, त्यात खोबरे बेताचे, त्यामुळे तिखट सरळ अंगावर येते. गोव्याच्या रेशाद मसाल्यात मिरची व्हिनेगरमध्ये वाटतात, म्हणून तिखटाबरोबर आंबट चटका बसतो. आपल्याकडे मिरचीला नारळाचा आधार असतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. नारळाच्या रसात ते विरघळून पसरते आणि एकदम न लागता हळूहळू लागते. आमच्या आज्या-पणज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक होते.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे वळू. सावंतवाडीत भालेकर खानावळीचे नाव मासे खाणाऱ्यांच्या तोंडी पुष्कळ वर्षे आहे आणि बाहेरगावचे लोक ते पत्ता विचारत येतात. पण हॉटेलांची यादी देणे हे या सदराचे काम नव्हे. आचारी बदलतो, मालक थकतो, आणि काल चांगले असलेले आज तसेच राहते असे नाही. त्यापेक्षा काय मागावे आणि चांगले स्वयंपाकघर कसे ओळखावे हे सांगितलेले बरे. ते मालवणात, कुडाळात आणि दादरच्या मालवणी खानावळीतही उपयोगी पडेल.

खूप तिखट आणि तरीही चवदार असे एकच नाव मागितले तर मी बांगड्याचे तिखले सांगेन. नावातच तिखट आहे. यात नारळ नाही किंवा अगदी थोडा, त्यामुळे मिरची लपत नाही. पण तिला आमसुलाची आंबट लगाम असते आणि वर तिरफळांचा वास. तिरफळ हा वेगळाच प्रकार. ते चीनमधल्या सिचुआन मिरीचे भाऊबंद. त्याने जीभ भाजत नाही, तिला मुंग्या येतात आणि ती किंचित बधिर होते. तिरफळे अख्खी किंवा जरा ठेचून घालतात आणि खाताना बाजूला काढतात. नवख्या पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर चावून बसतात. तिखल्याबरोबर साधा भात किंवा भाकरी घ्यावी. दुसरे नाव सुक्या मटणाचे. खोबरे आणि कांदा खरपूस भाजून केलेल्या वाटपात लवंग, दालचिनी, बडीशेप, जायफळ असे सगळे सोबती असतात, म्हणून तिथे मिरची वाढवली तरी चव तिला पेलते. शाकाहारी मंडळींनीही निराश होऊ नये. काळ्या वाटाण्याचे सांबार किंवा फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ याच वाटपात करतात, आणि ती तिखट मागितली तर सुक्या मटणाला हार जात नाही.

उलट माशाच्या साध्या आमटीत "आणखी तिखट घाला" असे सांगू नये. तिच्यात ओले खोबरे वाटलेले असते आणि तिची गोडी नाजूक असते. आचारी बिचारा पाहुण्याच्या आग्रहाखातर वरून तिखट भुरभुरवतो. ते शिजलेले नसते, म्हणून घशात खवखवते आणि ठसका आणते. ज्याला जास्त हवे त्याने ठेचलेली हिरवी मिरची बाजूला मागून घ्यावी. सकाळच्या उसळ-पावालाही तर्री वेगळ्या वाटीत मागावी. आपल्या बेताने घेता येते आणि तर्रीतले तेल किती हेही दिसते.

चांगल्या स्वयंपाकघराची माझी पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. "आज ताजा काय आसा?" असे विचारावे. "बांगडो आसा, सुरमई कालची," असे उत्तर आले तर निर्धास्त बसावे. फळ्यावर बारा महिने पंधरा मासे लिहिलेले असतील तर मी जरा थबकतो. दुसरी परीक्षा नाकाची. ताट समोर आल्यावर प्रथम भाजक्या मसाल्याचा वास यावा, ठसका नव्हे. पहिल्या घासाला मसाल्याची चव कळावी आणि तिखट तिच्या मागून यावे, अगोदर येऊन तिला अडवू नये. तिसरे म्हणजे वेळ. दुपारी पहिल्या पंगतीला, साडेबारा-एकच्या सुमारास जावे. रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा उकळलेला रस्सा आटून खारट होतो. असा खारटपणा तिखटाखाली कळत नाही आणि रक्तदाबाच्या रुग्णाला तो मिरचीपेक्षा जास्त महाग पडतो.

अल्सरचे खापर मिरचीवर

आता पोटाविषयी. तिखटाने पोटात अल्सर होतो ही समजूत इतकी पक्की आहे की डॉक्टरही कित्येक वर्षे तेच सांगत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवले की बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. कोणी विश्वास ठेवेना तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात, तेही उपाशीपोटी.

मिरचीची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे आणि ती आपल्याच देशात. १९८४ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्या ५० रुग्णांचे दोन गट केले. आम्ल कमी करणारे औषध दोघांनाही दिले. एका गटाच्या जेवणात रोज ३ ग्रॅम लाल तिखट घातले. चार आठवड्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे अल्सर भरले होते. मिरचीने फरक पडला नव्हता. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून अल्सरच्या रुग्णाने ठेचा खात सुटावे असे मी म्हणणार नाही. पण सांगायचे हे की वर्षानुवर्षे तिखट सोडून, गुळमट खाऊन, रोज गुलाबी औषधाच्या बाटल्या रिचवणारे रुग्ण मी पाहतो, त्यांनी तपासणी मात्र करून घेतलेली नसते. जंतू असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी तो जातो. मिरची सोडून तो जात नाही.

मग तिखट कोणी सांभाळावे? ज्यांना छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते त्यांनी. अन्ननलिकेला आम्लाने आधीच सूज असते, तिला मिरची झोंबते. अशांनी तिखट जेवण दुपारी घ्यावे, आणि रात्री जेवून दोन-तीन तास आडवे होऊ नये. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्याने नऊ वाजता सुके मटण ओरपून दहाला बर्थवर आडवे व्हायचे, आणि रत्नागिरीच्या आसपास जळजळ सुरू झाली की मिरचीला शिव्या द्यायच्या, हे बरे नव्हे. ज्यांना जेवताच पोटात मुरडा येऊन शौचाला धावावे लागते त्यांनाही तिखट त्रास देते. आणि गुदद्वाराशी चीर पडलेली असताना तर तिखट पूर्ण बंदच करावे. कॅप्सेसिन सगळेच पचत नाही. जिभेला जे तंतू आहेत तसेच तिथेही आहेत, बाकी सांगायला नको. चीर भरली की पुन्हा खायला हरकत नाही.

सवयीने तिखट सोसू लागते हेही खरे आहे. त्या तंतूंवर पुन्हा पुन्हा मारा झाला की ते काही काळ बोथट होतात. याच गुणामुळे नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेवर कॅप्सेसिनचे मलम वापरतात. मुलांना मात्र "मर्द हो" म्हणून तिखट चारू नये. ती आपल्या ताटातले बघत बघत आपणच शिकतात.

जो चटका मिरचीचा नसतो

हा भाग वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावा. बांगडा, तारली, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा बर्फाशिवाय उन्हात राहिला तर जंतू त्याचे हिस्टामिन करतात. मासा कुजल्याचा वास येईलच असे नाही. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. असा मासा खाताना जिभेला मिरी चावल्यासारखा चटका बसतो. आता तिखल्यात हा चटका कोणाला कळणार? जेवल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा आणि मान लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगाला खाज सुटते, कधी उलटी-जुलाब होतात. तिरफळाच्या मुंग्या जिभेपुरत्या असतात आणि थोड्या वेळाने जातात. चेहरा लाल होणे आणि धडधड हे तिरफळाचे काम नव्हे, मिरचीचेही नव्हे. पुष्कळ जण यावरून "मला बांगडा सोसत नाही" असे ठरवून आयुष्यभर बांगडा सोडतात. सोसला नाही तो बांगडा नव्हे, तर त्याचे उन्हात राहणे. साध्या ॲलर्जीच्या गोळीने बहुतेकांना काही तासांत बरे वाटते, पण श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली किंवा चक्कर आली तर तत्काळ रुग्णालय गाठावे. एकाच टेबलावरच्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर संशय माशावरच घ्यावा आणि खानावळवाल्यालाही कळवावे. भांडण करण्यासाठी नव्हे, उरलेला मासा दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये म्हणून.

आणि दुसरी जळजळ छातीची. झणझणीत जेवणानंतर छातीत जड वाटले की आपण "ॲसिडिटी झाली" म्हणतो, सोडा पितो आणि पडून राहतो. चाळिशी उलटलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असलेल्या माणसाने असे करू नये. छाती आवळल्यासारखी वाटणे, गार घाम, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणे, दम लागणे, यांपैकी काहीही असेल तर तो हृदयविकाराचा झटका समजूनच १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. ई.सी.जी.ला पाच-दहा मिनिटे लागतात. तो चांगला निघाला आणि ती ॲसिडिटीच ठरली तर कोणी हसणार नाही. मधुमेह्यांना तर कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो. तसेच काळे, डांबरासारखे शौचास झाले तर तो मिरचीचा प्रताप मानून घरी बसू नये. पोटात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो.

तिखटाच्या पुडीबद्दल थोडे. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या लाल तिखटात सुदान नावाचा कारखान्यातला रंग सापडला आणि मोठा गहजब झाला. खाण्यात या रंगाला बंदी आहे. घरी ग्लासभर पाण्यावर चिमूटभर तिखट टाकून पाहावे. रंगाच्या धारा खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळला आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांना खरखरीत लागला तर विटेची भुकटी. सुदान रंग मात्र पाण्यात विरघळत नसल्यामुळे या परीक्षेत पकडला जात नाही. त्यामुळे उन्हाळ्यात मिरच्या निवडून, कडकडीत वाळवून गिरणीतून मसाला दळून आणण्याची आपली पद्धत आजही चांगली. आपल्या दमट हवेत बरणीत ओलावा शिरला तर बुरशी धरते आणि तिचे विष यकृताला घातक असते. बुरशी आलेला मसाला ऊन दाखवून वापरू नये, टाकून द्यावा.

शेवटी, तोंड पोळलेच तर पाणी पिऊ नये. पाण्याने कॅप्सेसिन धुतले जात नाही, तोंडभर पसरते तेवढे. दूध, दही, ताक यांतले प्रथिन ते ओढून घेते. भाताचा घास किंवा चिमूटभर साखरही चालते. सोलकढी आपल्या ताटात शेवटी ठेवलेली असते, ती मध्येच घ्यायला कोणाची ना नाही. तिच्यातला नारळाचा रस तेच काम करतो. मिरच्या कापून हात भगभगत असतील तर आधी खोबरेल तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे, आणि तोपर्यंत डोळ्यांना हात लावू नये.